भूत एकदाही न दिसता भयकथा घाबरवू शकते का?

हो, नक्कीच. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 1902 सालची ‘द मंकीज पॉ’ वाचा. भारतातून इंग्लंडात गेलेला माकडाचा वाळका पंजा, त्यावर एका फकिराने घातलेला मंत्र: इच्छा तीन, पण नशिबाशी खेळाल तर पस्तावाल. हा पंजा ज्यांच्या हाती येतो त्या व्हाइट कुटुंबाचं तसं बरं चाललेलं असतं. तरी म्हातारा थट्टेथट्टेत घराच्या कर्जापुरते दोनशे पौंड मागतो. दुसऱ्याच दिवशी त्याचा मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून जातो आणि कंपनी भरपाई देते. बरोबर दोनशे पौंड!

मला विचाराल तर खरी भीती या आकड्यात आहे. पंजानं मारलं की निव्वळ योगायोग, हे कथा शेवटपर्यंत ठरू देत नाही. पुढे आईच्या हट्टापायी मुलगा पुन्हा जिवंत व्हावा, ही दुसरी इच्छा मागितली जाते, रात्री दार वाजतं, आणि बाप घाईघाईने तिसरी मागून टाकतो. काय मागितलं, हे लेखक सांगत नाही. दाराबाहेर कोण होतं, तेही नाही.

स्वतः लिहिणार असाल तर आधी पात्राची हाव ठरवा, तीही क्षुल्लक असू द्या. भुताचं वर्णन सरळ गाळा.