डी.एड.ची पाठ टाचणाची वही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: डी.एड. झालंय, बी.ए. बाहेरून केलंय, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाच वर्षं पहिली-दुसरी सांभाळलीस. आता नवऱ्याची बदली कॅलिफोर्नियात होतेय, मुलगी पाच वर्षांची आहे. तिथे पदवी आणि प्राथमिक शिक्षकाचं क्रेडेन्शियल, म्हणजे शाळेत शिकवण्याचा सरकारी परवाना, एकत्र देणारा अभ्यासक्रम करावा का? 'ताई' म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर लिहायला बसवेना. गाव बदललं तर ही माझीच हकिकत आहे.

नियम लिहीत बसत नाही, ते तुला सरकारी पानांवर सापडतील. शिवाय ते बदलतात. वाचन शिकवण्याबद्दलची 'रीका' नावाची परीक्षा मी दोन महिने जागून दिली, २०२५मध्ये तिची जागा दुसऱ्याच मूल्यांकनाने घेतली. मूलभूत कौशल्यांची वेगळी परीक्षाही आता पदवी असली की लागत नाही. चांगलंच झालं. मला राग येतो, पण चांगलं झालं.

जे कोणी सांगत नाही ते हे: आधी तुझी पदवी तपासून घे, मग अभ्यासक्रम निवड. एकत्र अभ्यासक्रम हा ज्यांच्याकडे इथे धरली जाणारी पदवी नाही त्यांच्यासाठी. तुझी पदवी धरली गेली, तर नुसतं क्रेडेन्शियल साधारण वर्ष-दीड वर्षात होतं आणि पुन्हा पदवीच्या वाटेला जायचं कारणच नाही. बी.ए.वर एम.ए. असेल तर तेही आत्ताच सांग, त्याने निकाल बदलू शकतो. माझं बी.ए. तीन वर्षांचं, म्हणून ते इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकं धरलं नाही. आणि डी.एड.? ज्या संस्थेकडून मी मूल्यमापन करून घेतलं तिने 'बारावीनंतरचा व्यावसायिक डिप्लोमा' अशी एक ओळ लिहिली. दोन वर्षं, चाळीस-पन्नास पाठ, आंतरवासिता, रात्र रात्र जागून रंगवलेले तक्ते, सगळं एका ओळीत.

तीही ओळ सहज मिळाली नाही. गुणपत्रकं तिकडच्या कार्यालयातून, न उघडलेल्या बंद पाकिटात यायला हवी होती. कार्यालयात म्हणाले, बाहेरदेशी पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही. भावाने चार खेपा घातल्या, पाचव्या खेपेला शिक्का मारलेलं पाकीट मिळवलं आणि सगळं नीट आहे ना म्हणून घरी येऊन प्रेमाने उघडून पाहिलं. झालं, पाकीट बाद. पुन्हा पहिल्यापासून. त्याला मी फोनवर जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. तू निघायच्या आधी स्वतः जाऊन बंद पाकिटांचे तीन-चार संच घेऊन ये, आणि घरात सगळ्यांना बजावून ठेव.

आता अभ्यासक्रमाबद्दल. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात काढ, फी पुष्कळ कमी पडते. पण तिथे विषय घेण्याआधी तुला पुढे ज्या विद्यापीठात जायचंय तिथल्या सल्लागाराला विचार, नाहीतर माझ्यासारखे दोन विषय फुकट जातील. एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर येणार असशील तर एक वर्ष आणि एक दिवस राहणं पुरं झालं की राज्यातल्या रहिवाशाची फी मागता येते, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नाही. शिकायला एच-४ चालतो, नोकरीला मात्र वेगळा परवाना लागतो आणि तो नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाइल बरीच पुढे सरकल्यावरच मिळतो. पदवीचं वेळापत्रक त्या फाइलीशी जुळवून घे.

क्रेडेन्शियलसाठी किमान ६०० तास वर्गात काढावे लागतात. शेवटच्या सत्रात तर दिवसभर शाळेत, संध्याकाळी विद्यापीठात, आणि मला त्याचा एक पैसा मिळाला नाही, उलट फी मीच भरत होते. तेव्हा मूल कोण सांभाळणार हे आधी ठरव. हाती येतं ते पाच वर्षांपुरतं, 'प्रिलिमिनरी' क्रेडेन्शियल. ते कायम करायला नोकरीत लागल्यावर साधारण आणखी दोन वर्षं जातात.

मला सगळ्यात आवडलं ते गणित, हे ऐकून तुला हसू येईल. अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, हे मी सहा वर्षं वर्गात सांगितलं होतं. का उलटा करायचा, हे वयाच्या चौतिसाव्या वर्षी इथे कळलं. त्या दिवशी गाडीत बसून रडले. त्या सहा वर्षांत शिकवलेली माझी पोरं आठवली.

एकटेपणाचं विचारलंयस. येतो. स्वयंपाक कर, चालायला जा. पुढे.

मुलीचं मात्र नीट वाच. शाळेत नाव घालताना एक फॉर्म येईल, त्यात घरच्या भाषेबद्दल चार प्रश्न असतात. मुलगा आधी कोणती भाषा बोलायला शिकला, घरी कोणती बोलतो, असे. २०१६मध्ये मी अभिमानाने सगळीकडे 'मराठी' लिहिलं. मग महिन्याभरात इंग्रजीची चाचणी झाली. अनोळखी बाई समोर बसलेली, माझा पोरगा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. इंग्रजी शिकणारा विद्यार्थी असा शिक्का बसला, तो पाचवीत निघाला. तोवर त्याला रोज अर्धा तास वर्गातून वेगळं न्यायचे, आणि पहिली दोन वर्षं तो अर्धा तास नेमका चित्रकलेचा असायचा. त्याला चित्रकला सोडून शाळेत दुसरं काही आवडत नव्हतं. मी विचारलं नाही. शिक्षिका असून विचारलं नाही, कारण तेव्हा माझं इंग्रजी मलाच पुरत नव्हतं.

त्याऐवजी मी घरात इंग्रजी सुरू केलं. इथलं प्राथमिकचं क्रेडेन्शियल इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शिकवण्याच्या अधिकारासकट येतं, त्यामुळे त्यावर भरपूर अभ्यास असतो. मुलाची घरची भाषा ही त्याची शिदोरी असते, ती काढून घेऊ नये, असा मी आठ पानी निबंध लिहिला. त्याला ए मिळाला. निबंध लिहीत होते त्याच रात्री पोरगा उठून आला आणि म्हणाला, "आई, पाणी दे." मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हटलं, "इन इंग्लिश, बाळा."

आता तो पंधरा वर्षांचा आहे. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. आजीचा फोन आला की मला हाक मारतो, मध्ये बसून भाषांतर करायला.

इथल्या बायका तुला सांगतील, फॉर्मवर इंग्रजीच लिही, भानगड नको. मीही काही वर्षं तेच सांगत होते. आता दुसरीचा वर्ग घेते आणि आतून बघते, तर ती मदत काही मुलांना खरंच हवी असते. खरं ते लिही. फक्त पहिल्याच आठवड्यात विचार की तिला कधी नेणार, कुठल्या तासाला नेणार. मोडक्या इंग्रजीत विचार, चालतं. आणि घरातली भाषा बदलू नकोस, कोणी कितीही काळजीने सांगितलं तरी.

अभ्यासक्रम कर की नको, याचं सरळ उत्तर मी दिलेलं नाही, कळतंय मला. पदवी धरली नाही तर कर. मी केला, आज वर्गात उभी आहे.

पाकिटांबरोबर तुझी पाठ टाचणाची वही पण बॅगेत टाक. तिला इथे कोणी विचारणार नाही. माझी मी निघायच्या आदल्या दिवशी रद्दीत दिली होती.