शनिवार बाजाराचा, रविवार पायांचा

चि. विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीत पोचल्यावर पहिले काही महिने बहुतेकांचे शनिवार-रविवार एक तर खोलीत पडून जातात, नाहीतर दोन दिवसांत तीन शहरं उरकण्यात. शहरं जरूर बघ, पण त्या धावपळीत तिथल्या माणसांची ओळख होत नाही. ती होते एकाच ठिकाणी, ठरल्या वेळी, पुन्हा पुन्हा गेल्याने. हे पत्र तेवढ्याचसाठी.

आधी रविवार समजून घे. त्या दिवशी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीचं संरक्षण १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होतं, आणि तेच कलम १९४९ च्या घटनेनेही जसंच्या तसं ठेवलं. त्यामुळे दूध, भाजी, साबण जे काही लागेल ते शनिवारी संध्याकाळच्या आत घरात हवं. रविवारी बेकरी काही तास उघडते, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं चालू असतात, पण तिथे महाग पडतं. घरातही शांतता पाळायची: भिंतीला ड्रिल नको, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकणं नको. नवीन विद्यार्थ्याची शेजाऱ्यांशी पहिली कटकट बहुधा यावरूनच होते.

म्हणून शनिवारची सकाळ बाजारासाठी ठेव. वोखेनमार्क्ट, म्हणजे आठवडी बाजार, बहुतेक गावांत भरतो आणि दुपारी एक-दोनपर्यंत आवरतो. श्टुटगार्टला तो मार्क्टप्लाट्स आणि शिलरप्लाट्स या चौकांत मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असतो. फ्रायबुर्गला कॅथेड्रलभोवतीच्या चौकात रविवार सोडून रोज असतो. तिथे उत्तरेच्या बाजूला आसपासचे शेतकरी बसतात, दक्षिणेला व्यापारी. दुसरीकडे हा फरक ओळखायचा तर ‘आउस आयगेनेम आनबाउ’ अशी पाटी शोध. माल स्वतःच्या शेतातला आहे, असा तिचा अर्थ. बोलायचंय ते त्या पाटीमागच्या माणसाशी, कारण तो माल त्यानेच पिकवलेला असतो.

साडेआठ-नऊला पोच. अकराच्या सुमाराला रांग लागते, मग कुणाला बोलायला सवड नसते. सुटे पैसे ने, वीस युरोपुरते. शंभराची नोट पुढे केलीस तर समोरचा वैतागतो. पिशवी आपली. भाजी हाताने चाचपायची नाही, बोटाने दाखवायची; आपल्याकडची निवडून घ्यायची सवय तिथे उद्धटपणा वाटते. ‘आइन प्फुंट’ म्हणजे तिथे अर्धा किलो, हे लक्षात असू दे. न ओळखणारी भाजी दिसली की ‘वी कोख्ट मान दास?’, ही कशी शिजवायची, एवढं विचार. उत्तर इंग्रजीत आलं तरी आपण जर्मन सोडायचं नाही. आणि दर आठवड्याला त्याच गाळ्यावर जा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला विक्रेता आपणहून बोलू लागतो. एप्रिलच्या मध्यापासून पांढरं आस्परागस, म्हणजे कोवळ्या कोंबांची भाजी, येतं आणि परंपरेने २४ जूनला त्याचा हंगाम संपतो. त्या दिवसांत बाजारात बोलायला याहून सोपा विषय नाही.

जुन्या वस्तूंचा बाजार, फ्लोमार्क्ट, हाही चांगला, आणि तिथे घासाघीस चालते. सायकल मात्र जपून घे. फ्रेमवरचा नंबर बघ, विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तो नंबर असलेला साधा करार कागदावर करून घे. कागद द्यायला तो काचकूच करत असेल तर सोडून दे. चोरीची निघाली तर पैसे मोजूनही ती कायद्याने तुझी होत नाही, मूळ मालकाकडे परत जाते. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच.

रविवार चालण्याचा. डॉइचलांड-टिकट, जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो, देशभरच्या आर.ई., आर.बी. (प्रादेशिक गाड्या), एस-बान (लोकल), ट्राम आणि बसना चालतं, आय.सी.ई. आणि आय.सी. या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना नाही. पुष्कळ विद्यापीठांत ते सत्राच्या फीमध्येच स्वस्तात मिळतं, तेव्हा आधी तिथे चौकशी कर. स्वतंत्र घेतलंस तर ती वर्गणी आहे. महिनाअखेर बंद करायची तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते. सायकल त्यात धरलेली नाही. वैध तिकिटाशिवाय पकडल्यास दंड ६० युरो, आणि तिकीट फोनमध्ये असेल तर बॅटरी संपणं हे कारण होत नाही. पॉवर बँक आणि फोटोचं ओळखपत्र जवळ ठेव.

जास्त गोंधळ होतो तो दोन गोष्टींनी. एक, काही गाड्या वाटेत एका स्टेशनावर दोन भागांत तुटतात, आणि पुढचे-मागचे डबे वेगवेगळ्या गावांना जातात. चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या फलकावर तुझा भाग कोणत्या अक्षराखाली थांबतो ते बघ, आणि डब्यावरचं गावाचं नाव वाच. दोन, रुळांची कामं बऱ्याचदा शनिवार-रविवारी निघतात. मग गाडीऐवजी बस येते, वेळ जास्त लागतो आणि बस स्टेशनच्या बाहेरून सुटते. आदल्या रात्री आणि निघताना, असं दोनदा रेल्वेच्या अॅपवर बघ. परतीची शेवटची गाडी कागदावर लिहून घे. खेड्यातून ती रविवारी फार लवकर असू शकते.

एकट्याने भटकण्यापेक्षा चालणाऱ्यांच्या संघटनेबरोबर जा, हे मी आग्रहाने सांगेन. ‘फेराइन’ म्हणजे संघ: श्वार्त्सवाल्डफेराइन (ब्लॅक फॉरेस्टचा) १८६४ चा, श्वेबिशर आल्पफेराइन (श्वेबिश आल्प डोंगरांचा) १८८८ चा. पायवाटांच्या खुणा हीच मंडळी रंगवतात, आणि त्यांच्या सामूहिक फेऱ्यांना पाहुण्यांनाही येता येतं. सदस्य बहुतेक वयस्क असतात. तुला ते कंटाळवाणं वाटेल, पण हीच माणसं सावकाश, स्पष्ट जर्मन बोलतात आणि तीन तास तुझ्या शेजारून चालतात. यापेक्षा चांगली शिकवणी पैसे देऊनही मिळणार नाही. सुरुवातीला दहा-बारा किलोमीटरच्या फेऱ्या निवड. वेळेआधी पाच मिनिटं हजर राहा. कुणासाठी थांबत नाहीत. दक्षिण जर्मनीत गवतातल्या गोचिडींपासून मेंदूज्वर होऊ शकतो: लांब पँट घाल, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपास, आणि त्या मेंदूज्वरावरच्या तीन डोसांच्या एफ.एस.एम.ई. लसीबद्दल डॉक्टरांना विचार. धोक्याच्या भागात राहणाऱ्यांचा तो खर्च सरकारी आरोग्य विमा देतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारतं, तेव्हा दहालाच निघ.

दिवस संपवायला बायर्नमध्ये (बव्हेरियात) बिअरगार्टन, म्हणजे झाडांखालची उघडी बिअरची बाग, उत्तम, आणि दारू न पिणाऱ्यालाही. पारंपरिक बिअरगार्टनमध्ये घरचं जेवण नेता येतं, फक्त पेय तिथलं घ्यायचं. पोळी-भाजीचा डबा उघडला तरी कुणी हरकत घेत नाही. टेबलक्लॉथ घातलेली टेबलं वाढप्यांच्या सेवेची, तिथे डबा नको. लांब बाकावर ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, इथे जागा आहे का, असं विचारून अनोळखी लोकांशेजारी बस. ‘श्टामटिश’ लिहिलेल्या टेबलावर मात्र बसू नकोस, ते नेहमीच्या मंडळींचं असतं. ग्लासची अनामत घेतली असेल तर ग्लास परत देऊन ती माग.

कुणी घरी बोलावलं तर ‘काय आणू?’ हे आधीच विचार आणि ठरलेल्या वेळेलाच दार वाजव.

विद्यापीठाच्या खेळवर्गांची नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच उघडते आणि चांगले वर्ग झटपट भरतात, तेव्हा ती तारीख या आठवड्यातच बघून ठेव.

कळावे,
तुझा शुभचिंतक