अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

मेडिकल वॉर्डात तुझी ड्युटी लागली, बरं झालं. बेळगाव शहरातले, खानापूरच्या जंगलपट्ट्यातले, निपाणी-चिकोडीकडचे, हद्दीपलीकडून चंदगडचे, असे सगळे पेशंट तिथे एकाच रांगेत असतात. डॉक्टर राउंड घेऊन जातात, सिस्टर औषधं-इंजेक्शनं बघतात. पण पेशंटच्या अंगाला दिवसभरात सगळ्यात जास्त हात तुझा लागणार. म्हणून अंग पुसताना, कूस बदलताना, भरवताना जे दिसेल ते नीट बघायचं आणि लगेच सिस्टरना सांगायचं, हेच तुझं मुख्य काम आहे असं समज. सलाईनचा वेग, ऑक्सिजनचा काटा, गोळी-औषध यांना आपण हात लावायचा नाही. नातेवाईक कितीही घाई करोत, तरी नाही.

हात धुण्याचं आधी सांगते. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरब (हातावर चोळायचं सॅनिटायझर) असेल तर २० ते ३० सेकंद. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना तर धुवायचेच, पण त्याच पेशंटची लघवी-संडास काढून झाल्यावर त्याला पाणी पाजायच्या आधीही धुवायचे. ग्लोव्हज काढल्यावरही धुवायचे. बांगड्या, अंगठी ड्युटीवर नकोत. त्यांच्याखाली साबण पोचत नाही आणि पेशंटची नाजूक कातडी ओरखडते.

आता कूस. जो पेशंट स्वतः हलू शकत नाही, त्याची साधारण दर २ तासांनी बदलायची. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. बेडसोर, म्हणजे ही दाबाची जखम, बाहेर दिसते तेव्हा आत बरंच बिघडलेलं असतं. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू आणि कानाची पाळी या जागा प्रत्येक वेळी बघ.

पेशंट तुझ्या बाजूला वळवायचा असेल तर पलंग तुझ्या कमरेपर्यंत वर घे आणि पलीकडचा कठडा लाव. पेशंटला आधी पलीकडच्या कडेकडे सरकव, म्हणजे वळल्यावर तो मधोमध येतो. त्याचा तुझ्याकडचा हात अंगापासून बाजूला कर, पलीकडचा हात छातीवर आण, पलीकडचा गुडघा वाकव. मग एक हात पलीकडच्या खांद्यावर, दुसरा खुब्यावर ठेवून, त्याला सांगून, एका लयीत स्वतःकडे वळव. वर सरकवायचं असेल तर एकटीने काखेत हात घालून ओढू नकोस. लकव्याच्या पेशंटचा खांदा अशानेच निखळतो, आणि चादरीवर घासून पाठीची कातडी सोलते. खांद्यापासून मांडीपर्यंत पोचेल अशी ड्रॉशीट, म्हणजे पेशंट सरकवायला घातलेली जादा आडवी चादर, खाली असू दे, दोघींनी दोन बाजूंनी धरा आणि उचलून सरकवा. वाकताना गुडघ्यांतून वाक, नाहीतर कंबर तुझीच जाईल.

कुशीवर अगदी आडवं ठेवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कललेला ठेव, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी दे आणि पोटऱ्यांखाली अशी उशी घाल की टाचा अधांतरी राहतील. हवेची गोल रिंग नातेवाईक हौसेने आणतात. ती वापरू नकोस, तिच्या कडेने दाब पडून मधल्या भागाचं रक्त आणखी अडतं. लाल झालेली जागा चोळायचीही नाही. बोटाने दाबून बघ: पांढरी पडून परत लाल झाली तर दाब काढल्यावर सुधारेल. दाबूनही पांढरी होत नसेल तर तो बेडसोर सुरू झालेला आहे. सावळ्या अंगावर लाली सहसा नीट दिसत नाही. तिथे बोटांनी शेजारच्या कातडीशी ताडून बघ. ती जागा जास्त गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते. सिस्टरना सांगताना ‘पाठ खराब झालीय’ असं मोघम सांगू नकोस. ‘माकडहाडावर एक रुपयाच्या नाण्याएवढा डाग, दाबून जात नाही, सकाळी ८ ला नव्हता’ असं सांग. एवढ्यावरून त्या पुढचं ठरवू शकतात.

स्पंजिंग करताना, म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसताना, पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ. डोळे नाकाकडून कानाकडे पूस, प्रत्येक डोळ्याला फडक्याचं वेगळं टोक घे. जो भाग पुसतेस तेवढाच उघडा ठेव. लघवीची जागा शेवटी, पाणी बदलून, आणि बायकांची नेहमी पुढून मागे. जांघा, स्तनांखालच्या घड्या आणि पायाच्या बोटांमधली जागा टिपून कोरडी कर. पावडर थापू नकोस, ओल लागली की तिचे गोळे होऊन कातडी घासतात.

लघवीची नळी असेल तर पिशवी कायम पेशंटच्या पोटाच्या पातळीपेक्षा खाली, पण फरशीला टेकता कामा नये. कूस बदलताना ती पेशंटच्या अंगावरून उचलून पलीकडे नेतात, ते अगदी चुकीचं. पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. आधी नळी चिमटून धर, पिशवी खालूनच फिरव, मग नळी सोड. मोठ्या माणसाची लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली तर नळीला पीळ पडलाय का बघ, आणि नसेल तर लगेच सांग.

भरवण्यातली चूक जीव घेऊ शकते. लकव्याच्या पेशंटला गिळता येतं की नाही हे सिस्टर किंवा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. परवानगी मिळाली की त्याला ताठ बसव, हनुवटी किंचित खाली. आधी तोंडात बघ. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या गालात मशेरी किंवा तंबाखूची गोळी हमखास असते, ती काढून चूळ भरायला लाव. चहाच्या चमच्याने अर्धा चमचा घास, चांगल्या बाजूच्या गालात. गिळल्यावर कंठमणी वर जाऊन खाली आला की मगच पुढचा. मऊ, एकजीव पेज चालते. पण वर पातळ पाणी आणि खाली शितं असलेली पेज, किंवा चहात बुडवलेलं बिस्कीट नको. पातळ भाग आधी घशात उतरतो आणि श्वासनळीत जातो. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा-ओला झाला, खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तर तिथेच थांब. गुंगीत असलेल्याला भरवायचंच नाही, मुलगा कितीही म्हणो की ‘सकाळपासून पोटात काही नाही’. जेवणानंतर अर्धा तास बसता ठेव आणि लुळ्या बाजूच्या गालात घास साठलाय का ते बोटाने नव्हे, टॉर्चने बघ.

श्वास मोजताना पेशंटला सांगू नकोस. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. नाडी मोजून झाल्यावर मनगटावरची बोटं तशीच ठेव आणि छाती बघत पूर्ण १ मिनिट मोज. मोठ्या माणसाचे १२ ते २०. शांत पडलेल्या पेशंटचे २५ आले तर ताप, बीपी ठीक असलं तरी सांग. बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा श्वासातच दिसते, आणि घाईत अंदाजाने ‘२०’ लिहून टाकण्याची वाईट सवय बऱ्याच वॉर्डांत असते. तू ती लावून घेऊ नकोस. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, हात गार असेल तर बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं. दुसरं बोट घे, हात ऊबदार कर.

उठवताना आधी पाय खाली सोडून पलंगावरच दोन-तीन मिनिटं बसव. चक्कर येते का विचार. कानडी पेशंट असेल तर ‘तली तिरगतैतेन्री?’ आणि दुखण्यासाठी ‘एल्लि नोवु ऐति?’ एवढं तरी तोंडात बसव. आजीला ‘अज्जी’ म्हटलंस की ती अंग ढिलं सोडते आणि तुझं निम्मं काम हलकं होतं. व्हीलचेअर चांगल्या बाजूला, ब्रेक लावून, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करून. पेशंट पडायलाच लागला तर धरून ठेवायची धडपड करू नकोस. त्याला अंगाशी घेऊन तुझ्या पायावरून हळू जमिनीवर उतरव, डोकं सांभाळ आणि हाक मार.

डिस्चार्जच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नकोस, घरच्या एका माणसाला आधीपासून शेजारी उभं करून हे सगळं करायला लाव. घरी पलंग खाली-वर होत नाही, ड्रॉशीट नसते. जुनी सुती साडी चौपदरी घडी केली की चांगली ड्रॉशीट होते. तिची शिवण किंवा जरीचा काठ पाठीखाली येऊ देऊ नका म्हणावं. खानापूरकडे पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्यामुळे अशा दोन-तीन साड्या, वर एक सुती पदर ठेवूनच प्लास्टिक, आणि कूस बदलायच्या वेळा लिहिलेला कागद पलंगाशेजारच्या भिंतीवर, एवढी तयारी पेशंट घरी पोचायच्या आधी व्हायला हवी. कागद त्यांना वाचता येईल त्या भाषेत लिहून दे, मराठी किंवा कानडी. वाचता येत नसेल तर त्या-त्या वेळेच्या घड्याळाचं चित्र काढून दे, आणि प्रत्येक घड्याळाखाली डावी कूस, पाठ, उजवी कूस असं चित्र.

तुझी,
मावशी