मधपेटीत औषध घालण्याआधी

प्रश्न : मोर्शी तालुक्यातील एका संत्रा बागायतदाराने विचारले आहे की, बागेतील मेलिफेरा (पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय जातीच्या) मधमाश्यांच्या आठ पेट्यांपैकी तीन पेट्यांतील माश्या दिवाळीपासून कमी होत चालल्या आहेत, दारासमोर काही माश्या उडता न येता सरपटताना दिसतात आणि एका चौकटीवर जाळे धरले आहे. जनावरांना देतात त्या प्रतिजैविकाची पूड साखरेच्या पाकातून पाजावी, असे एका ओळखीच्या मधपाळाने सुचविले आहे. ती द्यावी का?

उत्तर : ती पूड तूर्त देऊ नये. ती केवळ जिवाणूंवर चालते आणि आपण कळविलेल्या लक्षणांत जिवाणूची खूण अजून एकही नाही. शिवाय तिचा अंश मधात उतरतो आणि असा मध बाजारात नाकारला जातो.

सध्या तुरीवर फवारण्या चालू असल्यामुळे पहिली शंका विषबाधेची येते. परंतु विषबाधेत एक-दोन दिवसांतच दारासमोर मेलेल्या माश्यांचा खच पडतो, पुष्कळ माश्यांची सोंड बाहेर आलेली असते आणि एकाच शिवारात चरणाऱ्या बहुतेक पेट्यांना फटका बसतो. आपल्याकडे घट हळूहळू झाली आहे आणि पाच पेट्या ठणठणीत आहेत, म्हणून कारण पेटीच्या आतच शोधावे लागेल.

सरपटणारी एक माशी तळहातावर घेऊन तिचे पंख नीट पाहावेत. ते जन्मतःच चुरगळलेले, आखूड आणि पोट लहान असेल, तर माझा पहिला संशय व्हरोआ या परजीवी कोळ्यावर आहे. मोहरीच्या दाण्याहून लहान, लालसर तपकिरी, खेकड्यासारखा चपटा असा हा कोळी बंद कोषात (मेणाचे झाकण बसलेल्या पिलाच्या घरात) वाढतो, पिलांच्या अंगातून पोषण शोषतो आणि पंख विकृत करणारा विषाणूही पसरवतो. नरांच्या कोषांत तो अधिक सापडत असल्याने असे दहा-वीस कोष उघडून पांढरी पिले बाहेर काढावीत. त्यांच्या अंगावर तो डोळ्यांना सहज दिसतो.

खात्रीसाठी पिठीसाखरेची चाचणी करावी. राणी त्या चौकटीवर नाही हे दोनदा पाहून, पिलाव्याच्या (अंडी, अळ्या व कोष असलेल्या) चौकटीवरील सुमारे तीनशे, म्हणजे अर्धा कप माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात, दोन चमचे पिठीसाखर घालून बरणी मिनिटभर हलकेच फिरवावी, थोडे थांबून पांढऱ्या ताटलीत झटकावी आणि वर पाणी शिंपडावे. साखर विरघळते आणि कोळी उरतात. माश्यांना इजा होत नाही, त्या परत पेटीत सोडता येतात. नऊ किंवा अधिक कोळी निघाले, म्हणजे शंभर माश्यांमागे तीन, तर उपचार टाळू नये.

उपचारात फॉर्मिक आम्लाची वाफ उपयोगी पडते, कारण ती बंद कोषांच्या आतही पोहोचते. मात्रा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी, हातमोजे व चष्मा वापरावा आणि काढायच्या मधाच्या चौकटी आधी बाजूला कराव्यात. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात हे आम्ल मुळीच वापरू नये. त्या तापमानात वाफ एकदम उठते आणि पिलावा, कधी राणीही, मरते. संत्र्याच्या आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तोवर पेट्या सावरायच्या असतील तर थंडीचे हेच दिवस योग्य आहेत.

जाळे हे मेणकिड्याच्या अळीचे आहे. ती दुबळ्या पेटीतच माजते, त्यामुळे तिला मूळ रोग समजू नये. खराब पोळे काढून वितळवावे, तळपाट खरवडून स्वच्छ करावा आणि माश्या झाकू शकतील तेवढ्याच चौकटी ठेवाव्यात.

आता जिवाणूविषयी. बंद कोषांची झाकणे खचलेली व छिद्रे पडलेली दिसली, तर आतल्या मेलेल्या पिलात आगकाडी बुडवून सावकाश वर ओढावी. दोन सेंटिमीटर किंवा अधिक लांब चिकट तार निघाली तर ती अमेरिकन फाउलब्रूड या पिलांना सडवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची खूण मानावी. याचे बीजाणू पोळ्यात कित्येक वर्षे टिकतात आणि प्रतिजैविकाने मरत नाहीत, म्हणून त्या पेटीची एकही चौकट दुसरीकडे हलवू नये. झाकण बसण्याआधीच अळ्या पिवळट होऊन वेड्यावाकड्या पडल्या असतील आणि आंबूस वास येत असेल, तर युरोपियन फाउलब्रूड या दुसऱ्या जिवाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. दोन्हींत तळहाताएवढा पोळ्याचा तुकडा कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रामार्फत तपासणीस पाठवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये. तेथे बुरशी धरते आणि नमुना वाया जातो.

तपासताना निरोगी पाच पेट्या आधी उघडाव्यात आणि आजारी तीन शेवटी, म्हणजे हातांवाटे रोग निरोगी पेट्यांत जाणार नाही.