बारावीनंतर चाकण एमआयडीसीत सहा महिन्यांचं काम कसं मिळेल आणि टिकेल?

मिळणं अवघड नाही. तिथलं बरंचसं तात्पुरतं काम कंपनी थेट देत नाही, कंत्राटदारामार्फत देते. म्हणून आधी गावातलं कोणी तिथे कामाला असेल तर त्यालाच फोन लावा. कोणता कंत्राटदार पगार वेळेवर देतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आधार, पॅन, बँक पासबुक, मार्कशीट, फोटो यांच्या झेरॉक्स जवळ ठेवा. आणि ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली की उठून बाहेर या. काम देणाऱ्याने पैसे द्यायचे असतात, घ्यायचे नसतात!

खरी गोम पगारात आहे. तोंडी सांगितलेला आकडा आणि हातात येणारा आकडा वेगळा असतो. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के पीएफ, आणि पगारावर ०.७५ टक्के ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापला जातो. शिवाय कॅन्टीन आणि बसचे पैसे. ओव्हरटाइमचा दर आधीच विचारा. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, एकदाच निघतो, पुढच्या कंत्राटदाराला तोच द्या. पीएफ खरंच भरला जातोय का हे दर महिन्याला सरकारच्या उमंग ॲपवर बघा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने ज्या कंपनीत काम केलं तिच्यावर येते, पण त्यासाठी गेटपासचा फोटो, हजेरीची नोंद काहीतरी हाताशी हवं.

टिकायचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस दांडी मारू नका, विशेषतः रात्रपाळीला. बहुतेक पोरं तिथेच गळतात. सुपरवायझरला न सांगता घरी बसलेल्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.