गोवा वेल्हा म्हणजे 'जुने गोवे' नव्हे (पण शब्दशः तेच!)

प्रश्न असा आला आहे: "मडगाव-पणजी रस्त्यावर 'गोवा वेल्हा' अशी पाटी दिसते. 'वेल्हा' म्हणजे काय? आपल्या तोरण्याखालच्या वेल्ह्याशी किंवा 'वेल्हाळ' शब्दाशी याचं काही नातं आहे का? आणि मराठी मजकुरात 'जुने गोवे' असं भाषांतर केलं तर चालेल का?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात माझा एक अख्खा दिवस गेला होता. चालणार नाही. जुने गोवे इथल्या बॉम जेझूस चर्चमध्ये ठेवलेलं सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव पाहायला म्हणून मी पणजीहून निघालो, नकाशावर 'गोवा वेल्हा' वाचलं, वेल्हा म्हणजे जुना एवढं पोर्तुगीज कुठूनसं कानावर होतं, आणि शहाणपणा करून मडगावच्या बसमध्ये बसलो. उतरलो तर समोर सेंट अँड्र्यूची इगर्ज (चर्च), मागे भाताची खाचरं, आणि पर्यटक म्हणावा तर मी एकटा. पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बॉम जेझूस कुठे, म्हणून विचारलं. ते हसले. "तें पोरण्या गोंयांत. हें थोरलें गोंय."

त्या दोन वाक्यांत या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

'वेल्हा' हे पोर्तुगीज विशेषण, अर्थ 'जुनी'. गावांची नावं त्या भाषेत बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून वेल्हो नाही, वेल्हा. पोर्तुगीजमध्ये ल आणि ह ही अक्षरं जोडून येतात तेव्हा ह उच्चारत नाहीत. ल जरा टाळूकडे सरकतो, 'वेल्य'सारखा. आपण रोमन स्पेलिंगवरून अक्षराला अक्षर लावलं आणि 'वेल्हा' तयार झालं. 'कून्य' या पोर्तुगीज आडनावाचं 'कुन्हा' झालं तसंच. तेव्हा वेल्हे गाव आणि 'वेल्हाळ' यांना या भानगडीतून मोकळं करा. ध्वनिसाम्यापलीकडे काही नाही.

खरी गंमत पुढे आहे. पोर्तुगीजमध्ये 'गोवा वेल्हा' आणि 'वेल्हा गोवा' अशी दोन वेगळी गावं आहेत. विशेषण मागे लागलं की जुवारीकाठचं हे गाव, पुढे लागलं की मांडवीकाठचं, म्हणजे चर्चांसाठी प्रसिद्ध असलेलं ओल्ड गोवा. दोन्हींचा अर्थ जुनं गोवंच. असं का? कारण 'जुनं' हे विशेषण एकट्यानं कधी येत नाही. नवं काही उभं राहिलं की मगच पहिल्याला ते चिकटतं. 1510मध्ये आल्बुकेर्कनं आदिलशाहाकडून मांडवीकाठचं शहर घेतलं, तेव्हा पोर्तुगिजांच्या लेखी 'गोवा' म्हणजे ते शहर. त्याच्याही आधीचं, पडझड झालेलं गोवं जुवारीकाठी होतं. ते झालं गोवा वेल्हा. पुढे साथींनी मांडवीकाठचं शहर ओस पडलं, राजधानी पणजीला गेली, 1843मध्ये पणजीला 'नोव्हा गोवा' हे नाव मिळालं, आणि मग कालचं नवं गोवंही जुनं झालं. जुनं हे विशेषण आधीच खर्ची पडलेलं, म्हणून त्याची जागा बदलून काम भागवलं!

आता 'त्याच्याही आधीचं' म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. गृहस्थांनी हातानं पिलारची टेकडी दाखवली, आलाच आहात तर वर जाऊन या म्हणाले. वर 1613मध्ये कापुचिन साधूंनी बांधलेला मठ आहे. त्याआधी तिथे गोवेश्वराचं देऊळ होतं असं मानतात. मठातल्या लहानशा संग्रहालयात आजूबाजूला सापडलेल्या वस्तू मांडल्यात: कोरीव दगड, खापरं, नाणी आणि पोर्तुगिजांच्या आधी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याचा सिंह. काचेपुढे उभं राहिल्यावर डोक्यात आलं ते हे की आपण 'कदंब' हा शब्द आजवर फक्त एस्टीसारख्या बसचं नाव म्हणून वापरला. खिडकीतून खाली जुवारी दिसते, आणि तिच्या काठची शेतं म्हणजे अकराव्या शतकातलं गोपकपट्टण, कदंबांची राजधानी आणि बंदर.

पट्टण म्हणजे व्यापारी शहर, बहुतेकदा बंदर. आपल्याकडच्या सरकारी पाट्यांवरचा 'पत्तन अभियंता' त्याच घरातला. कदंब राजा पहिल्या जयकेशीनं चंद्रपूरहून (आजचं चांदर) राजधानी इथे आणली. त्याची मुलगी मयणल्लदेवी गुजरातच्या सोळंकी राजा कर्णाला दिली. गुजराती माणूस जिला मीनळदेवी म्हणतो, सिद्धराज जयसिंहाची आई, ती हीच. आणि शब्दवेड्यांसाठी खास: जयकेशीच्या ताम्रपटात 'मिजिगिति' असा शब्द येतो. दोनदा वाचा. मशीद! इथे स्थायिक झालेल्या अरब व्यापारी घराण्यातल्या कर्तबगार माणसानं ती चालवावी, खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांच्या करातून व्हावा, अशी ती व्यवस्था. मशिदीचा उल्लेख असलेला कदंब ताम्रपट, आणि त्याचं गाव मला कळलं ते इगर्जीच्या पायरीवर. शाळेच्या इतिहासात गोवं 1510ला उगवतं, हे आपल्या पुस्तकांचं दुर्दैव.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1340च्या दशकात सांदाबूर नावाच्या बेटावर आला. हे बेट म्हणजे आजची तिसवाडी असं बहुतेक अभ्यासक धरतात. तो लिहितो, बेटावर छत्तीस गावं, आणि मधोमध दोन शहरं: एक हिंदूंचं प्राचीन, दुसरं मुसलमानांनी बेट जिंकल्यावर वसवलेलं. म्हणजे जुनं-नवं ही जोडी पोर्तुगिजांच्याही आधीची. पुढे स्वाऱ्यांनी आणि जुवारीच्या गाळानं गोपकपट्टण मोडलं, जहाजं मांडवीकडे वळली.

आता भाषांतराचं. कोकणीनं हा गुंता कसा सोडवला पाहा. मांडवीकाठचं ते 'पोरणें गोंय'. पोरणें म्हणजे आपलं पुराणं. जुवारीकाठचं 'थोरलें गोंय', किंवा 'व्हडलें गोंय'. थोर हा शब्द प्राकृतातही थोरच, मूळ संस्कृत 'स्थूर', म्हणजे जाड, मोठा. पण मराठी-कोकणीत थोरला म्हणजे आकारानं मोठा आणि वयानंही. थोरला भाऊ धाकट्यापेक्षा बुटका असला तरी थोरलाच. पोर्तुगीज 'वेल्हा'त वय आहे, मान नाही. 'थोरल्या'त दोन्ही आहेत. माझ्या मते हे भाषांतर मुळापेक्षा सरस आहे.

म्हणून मराठीत लिहिताना पाटीवरचं 'गोवा वेल्हा' ठेवा किंवा सरळ 'थोरलं गोवं' लिहा. 'जुने गोवे' हे नाव मांडवीकाठासाठी राखून ठेवा. गावाच्या नावावर हे समजावणारी टीप द्यायची असेल तर कंसात 'गोपकपट्टण' पुरे. आणि झेवियरकडे जायचं असेल तर पणजीहून फोंड्याकडे जाणारी बस धरा, मडगावची नव्हे.