शेजारच्या काकूंची गोळी सासूबाईंना चालेल?

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या. शुगर वाढलीय. शेजारच्या काकूंना मेटफॉर्मिन ५०० छान लागू पडली. तीच सुरू करू का? क्रिएटिनिन १.९ आहे. – एक सून, खानापूर

उत्तर : ताई, मुद्द्याचा आकडा, म्हणजे किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन, तुम्ही शेवटी सहज टाकलात! मेटफॉर्मिन अंगात मोडत नाही, जशीच्या तशी लघवीवाटे जाते. सासूबाईंचं वय धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, २८ च्या आसपास येतो. ३० च्या खाली ही गोळी देतच नाहीत. साचली तर रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढतं. क्वचितच, पण जिवावर बेततं. ३० ते ४५ मध्येही सहसा नव्यानं सुरू करत नाहीत.

लिव्हर खराब असेल, दारू जास्त असेल, तरी जपूनच. गेल्या पावसाळ्यात बेळगावला माझ्याकडे एक आजोबा आले. दोन दिवस जुलाब, पोटात पाणी ठरेना, पण गोळी नेमानं चालू! "चुकवली नाही हं डॉक्टर," असं वर कौतुकानं सांगत होते. अशा वेळी ती थांबवायची असते, खाणंपिणं सुधारेपर्यंत.

काकूंची पट्टी परत करा. रिपोर्ट घेऊन सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या. किडनीला चालणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत, इन्सुलिनही आहे.